नाशिकचं बारा वर्षांचं घड्याळ

शाळा रोज भरते. वाढदिवस वर्षातून एकदा येतो. पण नाशिकचा सिंहस्थ मात्र बारा वर्षांनी येतो. २००३ साली आला होता, मग २०१५ साली आला. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर तेव्हा लाखो माणसं जमली होती. तुमच्या घरच्या मोठ्यांना ती गर्दी अजून आठवत असेल.

आता मला सांगा, हा मेळा बारा वर्षांनीच का? दहा वर्षांनी का नाही? पंधरा वर्षांनी का नाही? ही तारीख ठरवतं कोण?

आजीला विचारलंत, तर ती चटकन सांगेल, "अरे, गुरू सिंह राशीला आला की सिंहस्थ!" आजीचं उत्तर अगदी बरोबर आहे. पण मग पुढचे प्रश्न उभे राहतात. गुरू येतो म्हणजे कुठून येतो? राशीला म्हणजे नेमकं कुठे? आणि त्याला परत तिथेच यायला बारा वर्षं का लागतात?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला दुर्बीण लागत नाही. गच्ची, एक सरळ काठी आणि थोडा धीर एवढं पुरतं. तर चला, आकाशातलं हे घड्याळ आज उघडून पाहू या. त्याला तीन काटे आहेत.

पहिला काटा : दिवसाचा

सगळ्यात जोरात धावणारा काटा म्हणजे आपली पृथ्वी स्वतः. ती स्वतःभोवती गिरकी घेते. एक गिरकी म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. विषुववृत्तावरचा माणूस या गिरकीबरोबर ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगानं फिरत असतो. नाशिक विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला, २० अंशांवर आहे. म्हणून आपला वेग जरासा कमी, ताशी सुमारे १५७० किलोमीटर. तुम्ही बाकावर हाताची घडी घालून गप्प बसला असलात, तरी या वेगानं पूर्वेकडे निघालेले असता!

मग आपल्याला हे कळत का नाही? कारण बाक, शाळा, गोदावरी, हवा, सगळंच आपल्याबरोबर त्याच वेगानं चाललेलं असतं. नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात. तसंच आपल्याला न हलणारे तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. हा नावेचा दाखला आर्यभटानं दिला आहे, तोही इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात! आज रात्री तारे सरकताना दिसले, तर नाव आपली आहे हे विसरू नका.

आता एक गंमत. तुमच्या घड्याळात दुपारचे बारा वाजतात, तेव्हा नाशिकच्या आकाशात सूर्य माथ्याच्या रेषेवर आलेला नसतो. तो येतो सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. असं का? आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा प्रयागराजजवळून जाते. नाशिक त्याच्या पश्चिमेला, जवळजवळ ७३.८ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मधल्या ८.७ अंशांना चारनं गुणा पाहू. आली ना ३५ मिनिटं?

दुसरा काटा : वर्षाचा

गिरक्या घेता घेता पृथ्वी सूर्याभोवतीही धावते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. एवढा मोठा फेरा ३६५ दिवसांत आणि वर साधारण सहा तासांत पुरा करायचा, म्हणजे वेग किती हवा? सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर!

हा आकडा मोठा वाटत नसेल, तर असं पाहा. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण तेवढंच लांब आहे. एसटीनं जायला पाऊण तास तरी हवा. पृथ्वी ते अंतर "नाशिक" हा शब्द म्हणेपर्यंत तोडते.

आता ऋतूंकडे या. पुष्कळांना वाटतं, की सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा. हे खरं आहे का, याची परीक्षा नाशिक जिल्ह्यातच घेता येते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निफाडकडे कधी गेला आहात? महाराष्ट्रातली सगळ्यात कडक थंडी पुष्कळदा तिथेच पडते. दवानं द्राक्षं खराब होऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते! तेव्हा अंतर असतं सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ते १५ कोटी २० लाखांपर्यंत वाढतं.

म्हणजे ऋतू अंतरामुळे होत नाहीत. ते होतात पृथ्वीच्या कलण्यामुळे. पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. फेरा मारताना तो कल तसाच राहतो. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला नाशिकचा दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर चढतो. ऊन तिरपं पडतं आणि दिवसही सुमारे अकरा तासांचाच असतो. जूनच्या २१ तारखेला दिवस सव्वातेरा तासांचा होतो आणि सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो.

सावली हरवते तो दिवस

जवळजवळ का? अगदी डोक्यावर तो कधीच येत नाही का? येतो की! वर्षातून दोनदा. नाशिकला २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २३ जुलैच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर असतो. तेव्हा उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच गडप होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मे महिन्यात ही वेळ असते १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास आणि जुलैत १२ वाजून ४१ मिनिटांच्या आसपास. जुलैत बहुतेक वेळा ढग असतात, तेव्हा मेचाच मुहूर्त धरा. सुट्टीही असते.

मुंबई-पुण्याच्या मुलांना हा दिवस आपल्या काही दिवस आधी दिसतो. दिल्लीच्या मुलांना मात्र तो कधीच दिसत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि सूर्य कर्कवृत्ताच्या पलीकडे माथ्यावर जातच नाही.

तिसरा काटा : गुरूचा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सूर्याभोवती एकटी पृथ्वीच धावत नाही. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून असे आठ ग्रह आहेत. आई-बाबांच्या शाळेच्या पुस्तकात नऊ होते. २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लुटोला 'बटुग्रह' म्हणायचं ठरवलं, तेव्हापासून आठ राहिले.

यांची अंतरं समजून घ्यायला आपण स्वयंपाकघरात जाऊ. सूर्य म्हणजे एक सोललेला नारळ समजा. मग पृथ्वी होईल मोहरीचा दाणा, आणि तो नारळापासून १५ मीटरवर ठेवावा लागेल. गुरू होईल आपल्या नाशिकचं एक द्राक्ष. ते ठेवायचं ७८ मीटरवर, म्हणजे बहुधा शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. नेपच्यून तर ४५० मीटर लांब जाईल. आणि पुढचा नारळ, म्हणजे सूर्याच्या शेजारचा तारा? तो ठेवायला ४००० किलोमीटर चालत जावं लागेल, पार देशाबाहेर!

द्राक्षाचा फेरा मोठा, हे तर उघडच आहे. शिवाय त्याची चालही मंद. सूर्यापासून जितकं लांब, तितकी सूर्याची ओढ कमी आणि तितका ग्रहाचा वेग कमी. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर जाते, तर गुरू फक्त १३. म्हणून बुधाचा फेरा ८८ दिवसांत होतो, आपला वर्षात, आणि गुरूचा जवळजवळ १२ वर्षांत. मिळालं ना बाराचं उत्तर?

आता राशींचं पाहू. सूर्य आणि ग्रह आकाशात ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात, त्या पट्ट्याचे आपल्या पूर्वजांनी बारा समान भाग केले. प्रत्येक भाग ३० अंशांचा. मेष, वृषभ, मिथुन, कर्क, सिंह वगैरे त्यांची नावं. बारा घरं आणि बारा वर्षं, म्हणजे गुरू एका घरात साधारण एक वर्ष राहतो.

'राहतो' म्हणजे तिथे जाऊन राहतो असं मात्र नाही हं! संध्याकाळी चंद्र नारळाच्या झाडात अडकलेला दिसतो. तो खरंच झाडात असतो का? झाड अंगणात आणि चंद्र पावणेचार लाख किलोमीटर लांब. फक्त आपल्या नजरेच्या रेषेत दोघं आले. तसंच इथे. सिंह राशीतल्या मघा ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे पोहोचायला सुमारे ७९ वर्षं लागतात. गुरूचा प्रकाश तासाभरात पोहोचतो. 'गुरू सिंह राशीला आला' म्हणजे इथून पाहताना गुरू त्या ताऱ्यांच्या दिशेला आला, इतकंच.

या काट्याचं पुढे सरकणं आपल्या महाराष्ट्रातच तपासून घेता येतं. १४ जुलै २०१५ ला गुरू सिंहेत आला आणि नाशिकला सिंहस्थाचा ध्वज चढला. त्याच दिवशी याच गोदावरीच्या काठी, पण पार आंध्र प्रदेशात, राजमहेंद्रीला पुष्कर पर्व सुरू झालं. दुसऱ्या वर्षी, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णेच्या काठी नृसिंहवाडीला गर्दी लोटली. तिथल्या पर्वाचं नाव काय? कन्यागत! म्हणजे गुरू कन्या राशीला गेला. सिंहेच्या पुढचं घर कन्येचंच. एक काटा एक घर पुढे सरकला आणि मेळा गोदावरीवरून कृष्णेवर गेला.

याच हिशेबानं साडेसातीही उलगडते बरं का. शनीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा. त्याला बारानं भागा. एका राशीला जवळजवळ अडीच वर्षं येतात. अशा तीन राशी धरल्या की साडेसात! शनीचं तुमच्या काकांशी काही भांडण नाही. तो लांबून जातो आणि हळू चालतो.

बारा की पावणेबारा?

मी मघापासून 'जवळजवळ बारा' म्हणतोय, ते तुमच्या लक्षात आलं असेल. गुरूचा खरा फेरा ११.८६ वर्षांचा आहे. म्हणजे बाराला सुमारे ५० दिवस कमी. एका फेऱ्यात हे ५० दिवस जाणवत नाहीत. पण सात फेरे झाले की सातापाचा ३५, म्हणजे ३५० दिवस, जवळजवळ अख्खं वर्ष! मग काय करायचं?

याचं उत्तर हरिद्वारला मिळालं. तिथला कुंभमेळा गुरू कुंभ राशीत आणि सूर्य मेषेत असताना भरतो. २०१० साली तो भरला होता. बारा मिळवले तर पुढचा २०२२ ला यायला हवा. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये सूर्य मेषेत पोहोचेपर्यंत गुरू कुंभ ओलांडून मीन राशीत गेलेला असणार होता. म्हणून मेळा २०२१ सालीच, अकरा वर्षांनी भरला. माणसांनी 'बारा' म्हणून ठेवलं, तरी गुरू आपल्याच चालीनं चालतो. चुकतो तो आपला ढोबळ आकडा, ग्रह नव्हे.

गुरू मागे फिरतो का?

आता सगळ्यात मजेदार कोडं. पुढच्या सिंहस्थाच्या जाहीर झालेल्या कार्यक्रमात ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं मात्र २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मध्ये एवढे महिने का?

पंचांग उघडा. गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहेत शिरतो. डिसेंबरच्या मध्याला तो थबकतो आणि उलटा चालू लागतो. जानेवारी २०२७ च्या अखेरीस तर पुन्हा कर्केत जातो! एप्रिलच्या मध्याला परत सरळ होतो आणि जूनच्या अखेरीस दुसऱ्यांदा सिंहेत येतो. याला 'गुरू वक्री झाला' असं म्हणतात.

एवढा प्रचंड ग्रह, ज्याच्या पोटात १३०० पृथ्व्या मावतील, तो असा माघारी कसा वळेल? वळतच नाही. समजा, तुम्ही पंचवटी एक्स्प्रेसच्या खिडकीत बसला आहात. शेजारच्या रुळावरून त्याच दिशेला एक मालगाडी हळूहळू चालली आहे. तुमची गाडी तिला ओलांडते. त्या वेळी लांबच्या डोंगरांच्या पार्श्वभूमीवर मालगाडी चक्क मागे जाताना दिसते. खरं तर तीही पुढेच चाललेली असते.

पृथ्वी म्हणजे आपली एक्स्प्रेस. गुरू म्हणजे मालगाडी. लांबचे डोंगर म्हणजे तारे. दर तेरा महिन्यांनी पृथ्वी आतल्या वाटेनं गुरूला ओलांडते आणि त्या सुमारास चार महिने तो आपल्याला उलटा चाललेला दिसतो. २०२७ साली ही ओलांडणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होते. तेव्हा गुरू वक्री झाला असं कुणी म्हणालं, की तुम्ही हसून म्हणा, "नाही हो, आपण त्याला मागे टाकलं!"

स्नानाच्या दिवशी गुरू कुठे असतो?

शेवटचा प्रश्न थोडा अवघड आहे. ज्याच्यामुळे सिंहस्थ, तो गुरू स्नानाच्या दिवशी आकाशात शोधला तर सापडेल का?

नाही सापडणार. नाशिकची मुख्य स्नानं श्रावण-भाद्रपदात असतात. साधारण १७ ऑगस्टला सूर्य स्वतःच सिंह राशीत येतो. म्हणजे सूर्य आणि गुरू एकाच घरात, एकाच दिशेला. आपण सूर्याच्या एका बाजूला आणि गुरू त्याच्या पार पलीकडे. २०१५ साली २६ ऑगस्टला गुरू सूर्याच्या अगदी मागे होता आणि पहिलं मोठं स्नान होतं २९ ऑगस्टला. सूर्याच्या झगझगाटात तो कुणालाच दिसत नव्हता.

मग तो तिथे आहे हे लोकांना कळलं कसं? गणितानं! शेकडो वर्षं माणसांनी रात्री जागून ग्रह कुठे दिसतात ते टिपून ठेवलं. त्यावरून चालीचा हिशेब बसवला. आणि तो इतका पक्का बसला, की ग्रह दिसत नसतानाही त्याचा पत्ता सांगता येऊ लागला. आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथात या हिशेबाचा सारा इतिहास लिहून ठेवला आहे. रामकुंडावरच्या गर्दीमागे श्रद्धा आहे, तसंच हे न दिसणारं गणितही आहे. तेही आपलंच आहे, आणि ते कुणालाही तपासून पाहता येतं.

तुम्हीही करून पाहा

१. एक मीटर लांबीची सरळ काठी गच्चीवर ओळंब्यानं उभी करा. दर रविवारी दुपारी बारा ते एक या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सगळ्यात आखूड सावली मोजून वहीत लिहा. २२ डिसेंबरला ती ९५ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी, २० मेच्या सुमारास शून्य. २१ जूनला ती असेल फक्त ६ सेंटीमीटर, पण उत्तरेऐवजी दक्षिणेला! या प्रयोगात सावलीकडेच पाहायचं. सूर्याकडे थेट कधीही पाहू नका.

२. गच्चीवरून सूर्य कोणत्या इमारतीमागून किंवा टेकडीमागून उगवतो, ते महिन्यातून एकदा कागदावर काढा. डिसेंबर ते जून या काळात ती जागा किती सरकते ते पाहा. ही पृथ्वीच्या कलण्याची सही आहे.

३. रात्री गुरू शोधा. तो पांढरट-पिवळा, खूप तेजस्वी आणि न लुकलुकणारा दिसतो. साधी द्विनेत्री दुर्बीण भिंतीला टेकवून स्थिर धरली, तर त्याच्या शेजारी एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे चार मोठे चंद्र. गॅलिलिओला ते जानेवारी १६१० मध्ये दिसले. पृथ्वी सोडून दुसऱ्या कुणाभोवतीही काही फिरतं, हे तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं. सलग चार रात्री ठिपक्यांचं चित्र काढा. जागा बदलतात की नाही ते पाहा.

४. आणि हा हिशेब घरच्यांसाठी. प्रत्येकाचं वय ११.८६ नं भागा. आलेला आकडा म्हणजे त्याचं गुरूवरचं वय. तुम्ही बारा वर्षांचे असाल, तर गुरूच्या हिशेबानं नुकताच तुमचा पहिला वाढदिवस झाला. आजी एकाहत्तर वर्षांची असेल, तर ती अवघी सहा वर्षांची, म्हणजे पहिलीत घालायच्या वयाची! सांगून तर बघा तिला.